‘डू यू हॅव अ बाइक?’: स्पीकिंग टेस्टमध्ये सायकल आणि लहानपण

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत स्पीकिंगला, म्हणजे बोलायच्या भागाला, सायकल किंवा लहानपण आलं की पोरं खूश होतात. ‘मॅडम, सोपा विषय आला,’ म्हणत बाहेर येतात आणि निकालात नऊपैकी साडेपाच बघून गप्प बसतात. विषय सोपा वाटतो, म्हणूनच त्यावर कुणी आधी बोलून बघितलेलं नसतं. पर्यावरण, तंत्रज्ञान, सोशल मीडिया यांची उत्तरं मोबाइलमधल्या पीडीएफवरून तोंडपाठ असतात. पण आपली पहिली सायकल कुठून आली हे इंग्रजीत सांगायची वेळ आली की ‘इट वॉज व्हेरी नाइस अँड मेमरेबल’ याच्या पुढं गाडी सरकत नाही.

मी मंगळवार पेठेत घरीच ही तयारी करून घेते. (घरात बोलताना ‘घेतो’ म्हणते, आम्ही कोल्हापूरच्या बायका तशाच बोलतो.) येणाऱ्यांत नर्सिंगच्या मुली जास्त. आयईएलटीएसच्या वाटेनं ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणी करायची तर स्पीकिंगला ७ लागतात, त्यामुळं अर्ध्या बँडसाठी, म्हणजे अर्ध्या गुणासाठी, जीव टांगणीला लागलेला असतो. माझं सगळ्यांना एकच सांगणं: तुमच्या गल्लीत जे घडलं तेच सांगा, साध्या इंग्रजीत सांगा, फक्त काळ नीट धरा.

खालची इंग्रजी वाक्यं मी मुद्दाम देवनागरीत लिहिली आहेत. ही बोलायची परीक्षा, स्पेलिंग कुणी विचारत नाही. वाक्य मोठ्यानं वाचा आणि कानाला कसं लागतं बघा.

परीक्षा कशी असते ते आधी

सगळी मिळून ११ ते १४ मिनिटं. समोर किंवा व्हिडिओ कॉलवर खरा माणूस असतो, आणि बोलणं रेकॉर्ड होतं. पहिल्या भागात ४-५ मिनिटं तुमच्याबद्दलचे छोटे प्रश्न. दुसऱ्या भागात हातात एक कार्ड येतं, त्यावर विषय आणि त्याचे उपप्रश्न असतात; विचार करायला १ मिनिट, मग १ ते २ मिनिटं तुम्ही एकट्यानं बोलायचं. तिसऱ्या भागात पुन्हा ४-५ मिनिटं त्याच विषयाच्या आसपासची चर्चा. गुण चार गोष्टींना, चारींना सारखे: बोलण्याचा ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. तुमचं मत बरोबर की चूक, माहिती खरी की खोटी, याला गुण नाहीत. इंग्रजांसारखं बोलायचीही गरज नाही. कोल्हापुरी वळण राहिलं तरी चालतं, समजलं पाहिजे.

पहिला भाग: बाइक म्हणजे बुलेट नव्हे

शिरोली एमआयडीसीत कामाला असलेला एक पोरगा सरावाला बसला होता. मी विचारलं, ‘डू यू हॅव अ बाइक?’ तो म्हणाला, ‘येस मॅडम, इट गिव्ह्ज सिक्स्टी अ‍ॅव्हरेज.’ आपल्याकडं बाइक म्हणजे पेट्रोलवर चालणारी. परीक्षेत मात्र सायकलीचे प्रश्न चालू असताना ‘बाइक’ म्हटलं की ती पायानं मारायची. आजूबाजूचे प्रश्न ऐका, म्हणजे कळतं. शंका आली तर ‘डू यू मीन अ बायसिकल?’ असं विचारून घ्या. प्रश्न पुन्हा विचारायला सांगितलं तरी काही बिघडत नाही. ‘सॉरी, कुड यू से दॅट अगेन?’ एवढं पुरतं. न समजता पाच वाक्यं ठोकून देण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

प्रश्न साधारण असे असतात: लहानपणी सायकल होती का, कुणी शिकवली, आता चालवता का, तुमच्या गावात लोक सायकल वापरतात का. उत्तर दोन ते चार वाक्यांचं ठेवा. ‘येस’ म्हणून थांबलात तर परीक्षकाला मोजायला काही मिळत नाही; मिनिटभर चालू राहिलात तर ते मध्येच थांबवतील. एक नमुना:

‘येस, आय डिड. इट वॉज माय कझिन्स ओल्ड रेड बाइक, अँड द सीट वॉज टू हाय फॉर मी. आय यूज्ड टू राइड इट अराउंड रंकाळा, द बिग लेक इन माय सिटी, ऑलमोस्ट एव्हरी इव्हनिंग.’

यात अवघड शब्द एकही नाही. पण सायकल भावाची होती, जुनी होती, लाल होती, सीट उंच होतं. ऐकणाऱ्याला पोरगं दिसायला लागतं. रंकाळा म्हणजे काय ते स्वल्पविराम टाकून तिथल्या तिथं सांगितलंय, तेही बघा. समोरच्याला रंकाळा ठाऊक असेलच असं नाही. तसंच ‘पन्हाळा, अ हिल फोर्ट अबाउट ट्वेंटी किलोमीटर्स अवे’. आपली नावं गाळू नका. ती गाळली की उत्तर कुणाचंही होतं.

सायकल कधी नव्हतीच, तर? मग नव्हती म्हणून सांगा. पुष्कळ पोरं इथं घाबरून खोटी सायकल उभी करतात आणि ‘व्हॉट हॅपन्ड टू इट?’ असा पुढचा प्रश्न आला की अडकतात. हे ऐका:

‘नो, आय नेव्हर हॅड वन ऑफ माय ओन. वी लिव्ह्ड ऑन अ बिझी रोड, सो माय मदर वुडन्ट लेट मी. बट आय बॉरोड माय नेबर्स बाइक व्हेनेव्हर शी वॉज अस्लीप.’

आई दुपारी झोपली की शेजाऱ्याची सायकल. नकारातूनही केवढी गोष्ट निघाली!

जायचो, जात होतो, गेलो

गुण जातात ते इथं. ‘मी रोज सायकलनं शाळेला जात होतो’ हे मनात येतं आणि तोंडातून निघतं, ‘आय वॉज गोइंग टू स्कूल बाय सायकल डेली.’ मराठीत ‘जात होतो’ रोजच्या सवयीलाही चालतं आणि त्या क्षणी वाटेत होतो त्यालाही चालतं. इंग्रजीत ‘वॉज गोइंग’ हे मुख्यतः दुसऱ्यासाठी. लहानपणावर बोलताना सगळ्या सवयीच सांगायच्या असतात, त्यामुळं ही चूक एकदा सुरू झाली की दर वाक्याला होते.

माझी युक्ती अशी: मनात आलेल्या मराठी वाक्याचं शेपूट बघा. ‘जायचो, खेळायचो, भांडायचो’ असं म्हणता येत असेल तर ‘यूज्ड टू’. ‘गेलो, पडलो, रडलो’ असेल, म्हणजे एकदाच घडून संपलं असेल, तर साधा भूतकाळ: वेंट, फेल, क्राइड. आणि ‘येत होतो, तेवढ्यात’ असं असेल तरच ‘वॉज कमिंग’. तिन्ही एकत्र कसे बसतात बघा:

‘आय यूज्ड टू सायकल टू स्कूल विथ माय सिस्टर. शी वुड पेडल, अँड आय वुड सिट ऑन द बॅक विथ बोथ अवर स्कूल बॅग्ज. वन डे वी वेअर कमिंग डाउन अ स्लोप, अँड द चेन केम ऑफ. शी पुट हर फूट डाउन टू स्टॉप, अँड वी बोथ फेल.’

पहिल्या वाक्यात ‘यूज्ड टू’ आल्यावर पुढच्या सवयींना ‘वुड’ वापरलंय. सारखं ‘यूज्ड टू, यूज्ड टू’ केलं की कंटाळवाणं वाटतं. मात्र ‘वुड’ फक्त कृतीला. ‘आय वुड हॅव अ रेड सायकल’ म्हणू नका. ‘आय हॅड अ रेड बाइक’ किंवा ‘आय यूज्ड टू हॅव’. नकाराला ‘आय डिडन्ट यूज टू’.

शिकणं आणि शिकवणं यांचीही गल्लत होते. ‘माय फादर लर्न मी सायकल’ हे मी जवळजवळ दर बॅचला ऐकते. वडील ‘टॉट मी टू राइड’, आपण ‘लर्न्ड टू राइड’. राइडचा भूतकाळ ‘रोड’, ‘राइडेड’ असं काही नसतं.

उच्चारांत तीन जागा सांभाळा. एक, ‘यूज्ड टू’ बोलताना ‘यूस्टू’ होतं, मधला ‘ड’ गिळला जातो. दोन, ‘बायसिकल’, ‘बाय-सायकल’ नव्हे, आणि जोर ‘बाय’वर. तीन, भूतकाळाचं शेवटचं अक्षर: ‘स्टॉप्ट’, ‘पुश्ट’, ‘वॉक्ट’. ‘स्टॉपेड’, ‘पुशेड’ म्हणणारी पोरं हुशार असतात, पुस्तकं वाचून शिकलेली असतात, पण ऐकणाऱ्याला खडा लागतो. ‘स्टार्टेड’, ‘नीडेड’ यांत मात्र ‘एड’ म्हणायचंच.

सायकलीच्या वस्तू आणि भानगडी

‘वन्स इन अ ब्लू मून’ आणि ‘डाउन मेमरी लेन’ असले तुकडे पेरून बँड वाढतो ही समजूत क्लासवाल्यांनीच पसरवली आहे. (मीही क्लासवालीच, पण हे नाही शिकवत.) सायकलीबद्दल बोलताना सायकलीचे शब्द आले तर ते कामाचे. दांडीला ‘क्रॉसबार’. चेन पडली तर ‘द चेन केम ऑफ’. पंक्चर झाली तर ‘आय गॉट अ पंक्चर’ किंवा ‘आय हॅड अ फ्लॅट टायर’. हवा भरली, ‘पम्प्ड अप द टायर्स’. सायकल ढकलत घरी आणली, ‘आय पुश्ड इट ऑल द वे होम’. बारक्या सायकलीच्या मागच्या दोन जादा चाकांना ब्रिटनमध्ये ‘स्टॅबिलायझर्स’ म्हणतात, अमेरिकेत ‘ट्रेनिंग व्हील्स’. दोन्ही चालतात.

डबलसीटला इंग्रजीत डबलसीट म्हणून कुणाला कळणार नाही. ‘आय गेव्ह माय फ्रेंड अ राइड ऑन द बॅक’ म्हणा. आणि मोठ्या माणसाच्या सायकलीच्या दांडीखालून पाय घालून लंगडत लंगडत मारायचो, ते सांगायचं असेल तर घाई करू नका, चित्रच काढा: ‘आय वॉज टू शॉर्ट टू रीच द सीट, सो आय पुट वन लेग थ्रू द फ्रेम, अंडर द क्रॉसबार, अँड पेडल्ड स्टँडिंग अप.’ असं एक वाक्य नीट आलं की शब्द, व्याकरण, ओघ सगळ्यांचीच सोय होते. ज्यांनी अशी सायकल मारलीय त्यांनी हे वाक्य सोडू नये.

आणि गुडघा. आपल्याकडं गुडघा फुटतो. त्याचं ‘आय ब्रोक माय नी’ करू नका, समोरच्याला वाटतं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. खरचटलं असेल तर ‘आय स्क्रेप्ड माय नी’.

कार्ड हातात आल्यावर

कार्डावर सरळ ‘सायकल’ असं क्वचित येतं. लहानपणी शिकलेली गोष्ट, आवडती वस्तू, एखादा प्रवास, काहीतरी शिकवणारी व्यक्ती, दुरुस्त केलेली वस्तू, अशा वेषात येतं. म्हणून मी पीडीएफमधली पन्नास उत्तरं पाठ करायला लावत नाही. प्रत्येकाकडून स्वतःच्या दोन-तीन खऱ्या गोष्टी काढून घेते आणि त्याच वेगवेगळ्या कार्डांवर बसवायला लावते.

शिरोळ तालुक्यातली एक मुलगी होती. तिला विचारलं की ‘माझ्या लहानपणी काही खास नाही’ म्हणायची. बोलता बोलता २०१९ चा महापूर निघाला. पाणी चढायला लागल्यावर घरच्यांनी तिची सायकल दोरीनं खिडकीच्या गजाला बांधली आणि सगळे मामाकडं गेले. परत आले तेव्हा सायकल जागेवर होती, पण चेनमध्ये चिखल वाळून दगड झाला होता. वडिलांनी रॉकेल आणि जुना टूथब्रश घेऊन दारात बसून ती सोडवली. ही एक गोष्ट ‘दुरुस्त केलेली वस्तू’ला बसते, ‘अवघड प्रसंगा’ला बसते, ‘कुणीतरी केलेल्या मदती’ला बसते, ‘लहानपणीच्या आठवणी’ला तर बसतेच. आणि तिच्यात ‘हॅड’ वापरायची आयती जागा आहे: ‘व्हेन वी केम बॅक, द मड हॅड ड्राइड इनसाइड द चेन.’ आधी वाळला, मग आम्ही आलो. हा काळ जबरदस्तीनं कोंबला की कळतं. इथं तो आपोआप येतो.

तयारीच्या एका मिनिटात कागद-पेन्सिल मिळते. वाक्यं लिहू नका, दोन होईपर्यंत वेळ संपतो. नुसती नावं लिहा, आणि मराठीत लिहा. त्या कागदाला गुण नाहीत. त्या मुलीच्या कागदावर सरावात एवढंच असायचं: महापूर, खिडकी, दोरी, मामा, चिखल, रॉकेल, बाबा. बोलताना एकेका शब्दावर बोट ठेवत पुढं जायचं. दोन मिनिटांची जुळणी साधारण अशी करा: सुरुवातीला सायकलीची ओळख आणि रोजची सवय, म्हणजे ‘यूज्ड टू’, मग एकच प्रसंग, त्याला सर्वात जास्त वेळ, शेवटी आता काय, म्हणजे ‘आय हॅव्हन्ट रिडन इट फॉर इयर्स, बट माय लिटल ब्रदर स्टिल युजेस इट’. कार्डावरच्या उपप्रश्नांचा क्रम पाळायलाच हवा असं नाही, पण शेवटचा ‘एक्स्प्लेन’वाला प्रश्न विसरू नका. बोलायचं खरं तिथंच सापडतं.

पन्नास सेकंदांतच संपलं तर? घाबरून पहिल्यापासून सुरू करू नका. प्रसंगात एखादा माणूस राहिला असेल, त्याच्याबद्दल बोला: ‘माय फादर इज नॉट अ मॅन हू टॉक्स मच, बट दॅट डे...’ माणूस आला की वाक्यं येतात. आणि दोन मिनिटं झाल्यावर परीक्षक थांबवतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. थांबवलं म्हणजे तुम्ही पुरेसं बोललात.

सराव मोबाइलवर रेकॉर्ड करूनच करा. घरात सगळ्यांसमोर लाज वाटते अशी तक्रार असते. मी सांगते, संध्याकाळी रंकाळ्यावर जा, फोन कानाला लावा आणि चालत चालत बोला. फोनवर इंग्रजी झाडणारं कुणीतरी आहे असं समजून लोक पुढं जातात. घरी येऊन ऐका आणि फक्त क्रियापदं मोजा: किती बरोबर काळात होती, किती नव्हती. बाकी काही दुरुस्त करू नका त्या दिवशी.

तिसरा भाग: आता ‘मी’ बाजूला

इथं प्रश्न मोठे होतात. पूर्वीपेक्षा आता मुलं सायकलनं शाळेला कमी का जातात? शहरांनी सायकलींसाठी वेगळा रस्ता करावा का? लहानपणीची हालचाल पुढं उपयोगी पडते का? पुन्हा आपली लाल सायकल काढून बसू नका. लोक, शहरं, आईवडील, सरकार यांच्याबद्दल बोलायचं. मत, कारण, उदाहरण, आणि जमलं तर दुसरी बाजू.

‘आय थिंक द मेन रीझन इज ट्रॅफिक. ट्वेंटी इयर्स अगो, पेरेंट्स इन अ सिटी लाइक कोल्हापूर वुड सेंड अ टेन-इयर-ओल्ड टू स्कूल अलोन. नाऊ दे ड्रॉप देम ऑन अ स्कूटर, बिकॉज द रोड्स फील अनसेफ. द ट्रबल इज दॅट ऑल दोज स्कूटर्स मेक द ट्रॅफिक वर्स.’

शेवटचं वाक्य महत्त्वाचं, विचार एक पायरी पुढं गेला. संध्याकाळी शाळा सुटताना राजारामपुरीत उभं राहिलं तर हे वाक्य कुणालाही सुचेल. मुलं मोजताना ‘फ्यूअर चिल्ड्रन’, ‘लेस चिल्ड्रन’ नव्हे. तुलनेचे शब्द, ‘फार मोअर’, ‘नॉट निअर्ली अ‍ॅज मेनी’, इथं भरपूर लागतात, ते आधी घोटून ठेवा.

उदाहरण बाहेरचं द्यायचं असेल तर खरं आणि लहान द्या. सायकल आणि मुलींचं शिक्षण यावर प्रश्न आला तर बिहार सांगता येईल. तिथल्या सरकारनं २००६ साली नववीत गेलेल्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली, शाळा लांब म्हणून शिक्षण सुटू नये यासाठी. इंग्रजीत दोन वाक्यं होतात. आकडे फेकू नका. आकडा आठवायला थांबलात की ओघ तुटतो, आणि बरोबर आला तरी त्याला गुण नाहीत.

उत्तर सुचत नसेल तर गप्प बसण्यापेक्षा ‘आय हॅव्हन्ट रिअली थॉट अबाउट दॅट, बट आय सपोज...’ म्हणून सुरू करा. हे पोकळ वाटतं, पण खरी माणसं असंच बोलतात. मात्र दर प्रश्नाला ‘दॅट्स अ व्हेरी इंटरेस्टिंग क्वेश्चन’ नको. परीक्षक दिवसभर तेच ऐकत असतात.

‘दॅट इज द एंड ऑफ द स्पीकिंग टेस्ट’ असं म्हटलं की ‘थँक यू’ म्हणून उठा. ‘हाउ वॉज माय स्पीकिंग?’ विचारायचा मोह सगळ्यांना होतो. परीक्षकांना ते सांगायची परवानगी नसते, उगाच दोघंही अवघडतात. टेबलावरचा कागद आणि पेन्सिल तिथंच ठेवा.